लिफ्ट मजल्याला बरोबर लागत नाही : सेन्सर बदलण्याआधी काय मोजावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या तीन वर्षांपूर्वी ताबा मिळालेल्या २२ मजली इमारतीतील लिफ्ट वरच्या मजल्यांवर अर्धा ते पाऊण इंच वर थांबते. दर महिन्याला मेकॅनिक येतो, मॅग्नेट सरकवतो आणि काही आठवड्यांत तक्रार पुन्हा येते. पावसाळ्यात तर लिफ्टने एक-दोन वेळा मजलाच चुकवला. आता देखभाल करणाऱ्या कंपनीने ‘सर्व मजल्यांचे लेव्हलिंग सेन्सर’ बदलण्याचे अंदाजपत्रक दिले असून ते मान्य करावे का, नवे सेन्सर बसवताना काय पाहावे आणि पुढे देखभाल कशी ठेवावी, असे सोसायटीच्या सचिवांनी विचारले आहे.

माझे मत असे की मोजमापाचा तक्ता हातात येईपर्यंत हे अंदाजपत्रक मान्य करू नये. त्यातील शब्दरचनेपासूनच शंका घ्यायला जागा आहे, कारण बहुतेक लिफ्टमध्ये सेन्सर प्रत्येक मजल्यावर नसतोच. तो कारच्या, म्हणजे आपण ज्या पेटीत उभे राहतो तिच्या माथ्यावर (कार टॉपवर) बसवलेला असतो आणि कारबरोबर वर-खाली फिरतो. मजल्यागणिक असतो तो गाईड रेलला, म्हणजे कार ज्यावरून सरकते त्या उभ्या रुळाला, लावलेला मॅग्नेट किंवा लोखंडी पत्री. म्हणजे सेन्सरची संख्या दोन, तीन, फार तर चार, आणि मॅग्नेट किंवा पत्र्या मजल्यांइतक्या. किंमत नेमकी कशाची लावली आहे हे कंपनीकडून आधी लेखी घ्यावे. चांगल्या स्थितीतला मॅग्नेट सहसा आपणहून निकामी होत नाही. तो सैल होतो, सरकतो, किंवा त्याला लोखंडाचा भुगा चिकटतो, आणि या तिन्हींवर उपाय करायला नवा मॅग्नेट लागत नाही.

सेन्सर लिफ्टला थांबवत नाही, तो फक्त कंट्रोलरला, म्हणजे लिफ्टच्या नियंत्रण पॅनेलला, सांगतो की कार आता इथे आहे. पुढचे सगळे ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण), मोटर, ब्रेक, दोर आणि कारखालचे रबर यांच्या हातात असते. आपल्या उंचीच्या इमारतीत मोटरच्या शाफ्टवर एन्कोडर असतो. तो फेऱ्यांचे पल्स मोजून कार कुठवर आली याचा हिशेब ठेवतो आणि लिफ्टच्या विहिरीतल्या मॅग्नेटवरून तो हिशेब प्रत्येक मजल्यावर ताडून पाहिला जातो. जुन्या दोन वेगांच्या मोटरच्या लिफ्टमध्ये एन्कोडर नसतो, तिथे कार हळू वेगाने सरकत येते, सेन्सरला पत्री दिसली की ब्रेक पडतो आणि ब्रेक जसा धरेल तशी कार थांबते. अशा लिफ्टची तक्रार आली की मी सेन्सरच्या आधी ब्रेकचे लायनर आणि ड्रम पाहतो.

किती चूक चालते, याचे उत्तर ठरलेले आहे. युरोपीय मानक ईएन ८१-२० नुसार रिकामी किंवा भरलेली कार मजल्यावर थांबताना फरक ±१० मि.मी.च्या आत असावा, आणि माणसे चढता-उतरताना तो ±२० मि.मी.च्या पलीकडे गेला तर लिफ्टने स्वतःहून पुन्हा लेव्हल घ्यावी. भारतात आय.एस. १४६६५ मालिकेनंतर २०२२ मध्ये आलेली आय.एस. १७९०० मालिका याच आंतरराष्ट्रीय नियमांच्या धर्तीवर बेतलेली आहे. अर्धा ते पाऊण इंच म्हणजे १३ ते १९ मि.मी., म्हणजे आपली तक्रार रास्त आहे. वयस्कर माणसाचे पाऊल अडखळायला एवढी पायरी पुरेशी असते, आणि व्हीलचेअरचे पुढचे छोटे चाक तर त्याहून कमी उंचीवरही अडते.

आता मोजण्याविषयी, कारण माझ्या मते या प्रश्नाचा निम्म्याहून अधिक भाग इथेच सुटतो. दरवाजा उघडल्यावर लँडिंगच्या सिलवर (मजल्याच्या दरवाजाखालच्या धातूच्या उंबऱ्यावर) एक सरळ पट्टी आडवी ठेवावी, तिचे दुसरे टोक कारच्या सिलवर आणावे आणि स्टीलच्या पट्टीने मधला फरक मि.मी.मध्ये वाचावा. कार वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे. प्रत्येक मजल्यावर चार नोंदी घ्याव्यात : रिकामी कार वर जाताना, रिकामी खाली येताना, भरलेली वर जाताना आणि भरलेली खाली येताना. मेकॅनिक ‘दोन सूत वर आहे’ असे म्हणतात तेव्हा ते सुमारे सहा मि.मी. असते; बोलताना ते ठीक, पण तक्त्यात सूत लिहू नये, कारण सुताच्या मापात तीन-चार मि.मी. सहज लपतात. फरशीपासून फरशीपर्यंत मोजणे ही तर हमखास होणारी चूक आहे. लॉबीतली लादी आणि कारमधली लादी यांचा लेव्हलिंगशी संबंध नाही, संबंध दोन सिलचा आहे.

हा तक्ता समोर आला की दोष स्वतःच आपली जागा दाखवतो. एकाच मजल्यावर वर जाताना आणि खाली येताना फरक सारखाच, समजा दोन्ही वेळा अधिक १२, असेल तर त्या मजल्याचा मॅग्नेट किंवा पत्री वर बसली आहे. ती १२ मि.मी. खाली घ्यावी. सर्वच मजल्यांवर दोन्ही दिशांनी सारखाच फरक असेल तर मजल्यामजल्यावर हात लावायचा नाही, कार टॉपवरचा सेन्सरचा ब्रॅकेट हलवायचा, आणि इथे दिशा उलटी होते : कार ८ मि.मी. वर थांबत असेल तर पत्री खाली घ्यायची असते, पण सेन्सर मात्र वर घ्यायचा असतो. नवा मुलगा इथे हमखास गोंधळतो, सेन्सरही खाली घेतो आणि आठाचे सोळा करून ठेवतो. तिसरा प्रकार असा की वर जाताना कार मजल्याच्या वर आणि खाली येताना मजल्याच्या खाली थांबते, म्हणजे ती दोन्हीकडे पुढे निघून जाते. तेव्हा ब्रेक उशिरा धरतो आहे, किंवा वेग वेळेवर उतरत नाही. वर जाताना खाली आणि खाली येताना वर थांबत असेल तर ती मजल्याच्या अलीकडेच थांबते आहे. ब्रेक लवकर पडतो किंवा थांबण्याआधीच्या हळू वेगाचे टप्पे ड्राइव्हमध्ये चुकीचे भरले आहेत. रिकाम्या आणि भरलेल्या कारमध्येच फरक दिसत असेल तर सेन्सरला हात लावण्याचे कारणच नाही. या शेवटच्या तीन प्रकारांत मॅग्नेट सरकवला तर एक दिशा सुधारते आणि दुसरी बिघडते.

आपल्या पत्रात एक तपशील आहे जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : तक्रार वरच्या मजल्यांची आहे आणि लिफ्ट वर थांबते आहे. तीन वर्षांच्या उंच इमारतीत असे होणे अपेक्षितच असते. काँक्रीट सुकताना आणि वरचे वजन सोसताना आकसते. एका मजल्याचे आकसणे नगण्य असले तरी २२ मजल्यांची बेरीज माथ्याला मोजता येईल एवढी होते आणि त्यातला मोठा वाटा सुरुवातीच्या वर्षांत पडतो. गाईड रेल मात्र पिटमध्ये, म्हणजे विहिरीच्या तळाच्या खड्ड्यात, टेकवून उभ्या केलेल्या असतात आणि ब्रॅकेटच्या क्लिपमधून भिंतीला सरकायला वाव ठेवलेला असतो. भिंतीबरोबर लँडिंगचे सिल खाली उतरते, रेल जागच्या जागी राहते आणि रेलला लावलेला मॅग्नेटही तिच्याबरोबर जुन्याच उंचीवर राहतो. म्हणून कार वर थांबल्यासारखी दिसते, आणि जितके वर जावे तितका फरक वाढतो. तक्त्यात तळमजल्याला शून्याच्या आसपास, दहाव्याला पाच-सहा आणि विसाव्याला पंधरा असा चढता क्रम आला तर सेन्सर निर्दोष आहेत असे समजावे. याच वेळी रेलच्या क्लिपही पाहून घ्याव्यात; त्या कोणी करकचून आवळल्या असतील तर रेल दबून वाकते आणि लिफ्टला हादरे बसू लागतात.

मग मॅग्नेट सरकवूनही तक्रार परत का येते? मला दोन कारणे दिसतात. पहिले असे की मेकॅनिक ज्यांची तक्रार आली त्यांच्याच मजल्याचा मॅग्नेट सरकवतो. पुढच्या महिन्यात शेजारच्या मजल्यावरचे लोक बोलू लागतात आणि सोसायटीला वाटते की तोच बिघाड परत आला. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. एन्कोडरच्या लिफ्टमध्ये मजल्यांच्या उंचीचा तक्ता कंट्रोलरच्या स्मृतीत साठवलेला असतो आणि तो ‘फ्लोअर लर्निंग’च्या फेरीत तयार होतो, या फेरीत लिफ्ट खालपासून वरपर्यंत हळू वेगाने जाते आणि प्रत्येक मॅग्नेटची जागा टिपून घेते. मॅग्नेट सरकवला पण ही फेरी पुन्हा घेतली नाही, तर कंट्रोलर जुन्याच उंचीकडे कार नेत राहतो. चाचणीच्या एखाद्या फेरीत एका दिशेने ठीक दिसले की मेकॅनिक सही घेऊन निघून जातो. मॅग्नेट हलवल्यानंतर लर्निंग घेतले का, हा प्रश्न आपण सर्व्हिस रिपोर्टवर लिहून विचारावा.

पावसाळ्यात मजला चुकवणे हा वेगळा दोष आहे आणि तो वरच्या दोषात मिसळू नये. एन्कोडरचे पल्स किंवा मॅग्नेटची मोजणी मधेच गळाली की कंट्रोलरचा हिशेब चुकतो. लिफ्ट मग आपणहून सर्वांत खालच्या मजल्यावर जाऊन हिशेब नव्याने मांडते आणि रहिवाशांना वाटते की ती भरकटली. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गच्चीवरच्या मशीन रूमच्या खिडकीतून पाणी आत येते, पिटमध्ये पाझर होतो आणि कार टॉपवरच्या जंक्शन बॉक्समध्ये ओल धरते. खाडीलगतच्या ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूरकडे तर खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट थर चढतो आणि पत्र्या गंजून फुगतात. म्हणून आधी पाहायचे ते कनेक्टर, कारबरोबर लोंबकळत फिरणाऱ्या ट्रॅव्हलिंग केबलमधली तुटकी तार आणि एन्कोडरच्या केबलचे शील्ड. कंट्रोलरच्या इनपुटवर प्रत्येक सेन्सरसाठी छोटा दिवा असतो. इन्स्पेक्शन वेगाने, म्हणजे तपासणीसाठीच्या हळू वेगाने, कार चालवत तो दिवा पाहत राहावे. प्रत्येक मॅग्नेटपाशी तो एकदा स्वच्छ लागला आणि एकदा स्वच्छ विझला तर सेन्सर ठीक आहे. तो फडफडला, किंवा केबल हाताने हलवल्यावर विझला, तर दोष सापडला. या कसोटीत नापास झालेला सेन्सर जरूर बदलावा, पण तेवढाच.

आता बसवणीविषयी. आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. रीड स्विच मॅग्नेटवर चालतो. त्याचे आणि मॅग्नेटचे समोरासमोरचे अंतर उत्पादक सांगतो तेच ठेवावे, आणि ते सर्व मजल्यांवर सारखे असावे. यातल्या बायस्टेबल प्रकाराच्या स्विचला मॅग्नेट निघून गेल्यावरही आपली स्थिती आठवते, त्यामुळे मॅग्नेटची उत्तर-दक्षिण बाजू उलटी लागली तर तो मजला कंट्रोलरला दिसतच नाही. शिवाय काम करताना खिशातला चुंबकाचा पेचकस जवळ नेला तरी त्याची स्थिती बदलू शकते. दुसरा प्रकार इंग्रजी ‘यू’ आकाराच्या फोटो सेन्सरचा, ज्याच्या खाचेतून पत्री जाते. पत्री खाचेच्या मध्यातून, दोन्ही बाजूंना सारखी मोकळीक ठेवून आणि खोलीच्या साधारण दोन-तृतीयांशापर्यंत गेली पाहिजे. पत्री सेन्सरच्या कडेला घासू लागली तर बहुतेक वेळा पत्री वाकलेली नसते, कारच एका बाजूला गेलेली असते, कारण गाईड शूचे (कारला रेलवर धरून ठेवणाऱ्या भागांचे) लायनर झिजलेले असतात. लायनर न बदलता पत्री ठोकून सरळ करणे म्हणजे दोन महिन्यांनी सेन्सर फुटण्याची तयारी करणे.

जागा ठरवताना कार इन्स्पेक्शनवर हळूहळू आणून दोन्ही सिल एका रेषेत घ्यावीत, पट्टी आणि स्पिरिट लेव्हलने खात्री करावी आणि त्याच क्षणी सेन्सरच्या मध्यासमोर रेलवर खूण करावी. मॅग्नेट किंवा पत्रीचा मध्य या खुणेवर यायला हवा. कारमध्ये अर्धा भार ठेवून हे काम केले तर उत्तम, कारण कारचा तळ कारच्या चौकटीवर रबरी तुकड्यांवर बसवलेला असतो आणि सेन्सर मात्र चौकटीच्या माथ्यावर. भार वाढला की रबर दबते, सिल काही मि.मी. खाली जाते आणि सेन्सरला त्याचा पत्ताही लागत नाही. रिकाम्या कारवर शून्य साधले तर भरलेल्या कारवर सगळी चूक एकाच बाजूला जमते. रेलवरचे तेल सॉल्व्हंटने पुसल्याशिवाय कोणताही मॅग्नेट चिकटवू नये, बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घालावा आणि शेवटी बोल्ट व ब्रॅकेट यांच्यावरून रंगाची एक आडवी रेघ ओढावी, म्हणजे पुढच्या भेटीत काही हलले आहे का हे नुसत्या नजरेने कळते. सेन्सरची केबल मोटरच्या आणि दरवाजाच्या पॉवर केबलपासून वेगळी न्यावी आणि बदली सेन्सर जुन्यासारखाच, एनपीएनच्या जागी एनपीएन, पीएनपीच्या जागी पीएनपी (हे आउटपुटच्या जोडणीचे दोन प्रकार) असा घ्यावा. आकार आणि भोके जुळतात म्हणून दुसऱ्याच जातीचा सेन्सर लावून दिवसभर वायरिंगमध्ये दोष शोधणारे मी पाहिले आहेत.

दोन्ही टोकांच्या मजल्यांवरचे वेग उतरवणारे स्विच याच वेळी तपासावेत. १.५ मी. प्रति सेकंद वेगाच्या लिफ्टला ०.६ मी. प्रति सेकंद² दराने थांबायचे तर गणिताने १.८७५ मीटर लागतात, आणि प्रवाशाला झटका बसू नये म्हणून वेग गोलाईने उतरवला की हे अंतर अडीच मीटरच्या घरात जाते. स्विच याहून जवळ असेल तर कार टोकाच्या मजल्यावर हटकून पुढे जाते, आणि तिथेही नाव सेन्सरचेच पुढे येते.

दोरांबद्दल थोडे. नवे दोर पहिल्या काही महिन्यांत कायमचे लांबतात, आणि भार आला की तेवढ्यापुरतेही ताणले जातात. तळमजल्यावर कार असताना दोर सर्वांत लांब सुटलेले असतात, म्हणून सकाळी ऑफिसच्या वेळी लिफ्ट तळाला भरते-रिकामी होते तेव्हा ती उघड्या दरवाजानेच किंचित हलून लेव्हल घेते. हे पाहून काही रहिवासी घाबरतात. पण मजल्यालगतच्या ठरलेल्या पट्ट्यात आणि ०.३ मी. प्रति सेकंदाच्या आतल्या वेगाने होणारी ही हालचाल नियमाला धरून असते. या पट्ट्याची खात्री देणारे डोअर झोनचे सेन्सर सुरक्षा सर्किटचा भाग असतात, त्यांना ‘तात्पुरते’ म्हणून वायरने जोडून ठेवणे हा गुन्हा समजावा.

सोसायटीने स्वतः करून ठेवलेले प्रकारही असतात. कारमध्ये ग्रॅनाइट बसवण्याची हौस हा त्यातला सर्वांत महागडा. १.३ बाय १.१ मीटरच्या कारमध्ये २० मि.मी. जाडीचा ग्रॅनाइट घातला तर सुमारे ७७ किलो वजन वाढते, आणि आपल्याकडे लिफ्टची क्षमता माणशी ६८ किलो धरून काढलेली असते; म्हणजे एक प्रवासी कायमचा आत उभा राहिला. काउंटरवेटचा (कारला तोलणाऱ्या वजनाचा) तोल आणि ओव्हरलोडचे सेटिंग न बदलता हे केले तर ब्रेकवरचा भार बदलतो आणि लेव्हलिंग बिघडते. लॉबीची लादी बदलताना सिलच्या वर आलेली नवी लादी हीसुद्धा अनेकदा ‘लिफ्ट खाली थांबते’ या तक्रारीमागची खरी गोष्ट असते.

देखभालीत दर महिन्याला फोटो सेन्सरच्या काचा कोरड्या मऊ कापडाने पुसणे, मॅग्नेटवरचा लोखंडी भुगा काढणे आणि रंगाच्या रेघा पाहणे एवढे झाले तरी पुरते. घोडबंदर पट्ट्यात शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटची धूळ रेलच्या तेलात मिसळून काचेवर घट्ट बसते, तिथे पंधरवड्याने पुसावे. ब्रेकची पकड, गाईड शू आणि दोरांचा सारखा ताण तिमाहीला पाहावा. वर सांगितलेला चार नोंदींचा तक्ता वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, भरून घ्यावा आणि तो ए.एम.सी.च्या (वार्षिक देखभालीच्या) कराराला जोडावा. मोजणी महावितरणच्या वीजपुरवठ्यावर करावी. वीज गेल्यावर ए.आर.डी. (अडकलेल्यांना सोडवणारे स्वयंचलित उपकरण) बॅटरीवर कारला जवळच्या मजल्याशी हळू नेऊन सोडते, त्यात लेव्हल तितकी अचूक येत नाही, म्हणून ती नोंद या तक्त्यात घेऊ नये.

हे सर्व काम परवानाधारक कंत्राटदाराच्या माणसांनीच, कार टॉपवर इन्स्पेक्शन आणि स्टॉप स्विच वापरून करायचे असते. राज्यात १९३९ च्या जुन्या कायद्याच्या जागी लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांसाठी २०१७ चा कायदा आला असून परवान्याची अट त्यातही आहे. वॉचमनला चावी देऊन ‘जरा वर बघ’ म्हणणे कधीही नको. आपल्या लिफ्टची सध्याची चूक १५ मि.मी.च्या आसपास असेल तर प्रत्येक लँडिंगवर सूचना लावून दुरुस्तीपर्यंत ती चालवता येईल. पण कार मजल्यापासून हातभर दूर असताना दरवाजा उघडला, किंवा थांबलेली कार उघड्या दरवाजाने एका दिशेला सरकतच राहिली, तर मेन स्विच बंद करावा, कुलूप लावावे आणि कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. तोवर वरच्या मजल्यांवरच्या ज्येष्ठांसाठी दुसरी लिफ्ट राखून ठेवावी.